भिंगबाई गुरुजी तपासतात

माणूस गोड बोलायला लागला की भिंगबाईंचे कान टवकारायचे. उगाच नाही. नगरसभेच्या शिष्टाचार शाखेत सव्वीस वर्षं काढली होती त्यांनी, आणि सव्वीस वर्षांत गोड बोलणारा एकही माणूस बिनकामाचा भेटला नव्हता. त्यांचं खरं नाव पगारपत्रकावर असायचं. बाकी वरच्या मजल्यापासून सायकली लावायच्या जागेपर्यंत त्या भिंगबाई. समारंभाला मंचावर कोण चढणार, कोण किती मिनिटं बोलणार, कोणाच्या शेजारी कोणाला बसवलं तर जुंपेल, हे सगळं त्यांच्या टेबलावरून जायचं. पाहुण्याचा मागचा-पुढचा सगळा इतिहास त्या असा उकरून काढायच्या, की पाहुण्याच्या बायकोनंही तोंडात बोट घालावं. आणि त्यांनी लाल शेरा मारला की माणूस मंचावर चढत नसे, मग तो कोणाचा का मेहुणा असेना.

यंदा तर प्रकरण नाजूक होतं. नवे नगराध्यक्ष जेमतेम निवडून आले होते, तेही ‘सगळ्यांना बरोबर घेऊन जाईन’ असं गल्लोगल्ली सांगून. शपथविधीची सुरुवात प्रार्थनेनं व्हायची, दीड मिनिटाची. मागच्या खेपेला ज्या धर्मगुरूंना बोलावलं होतं, त्यांनी डोळे मिटून ‘वाट चुकलेल्या काही शेजाऱ्यांना सुबुद्धी दे’ अशी मागणी केली आणि निम्म्या खुर्च्या तिथल्या तिथे रिकाम्या झाल्या. चार दिवस वर्तमानपत्रांना दुसरा विषय नव्हता.

“बाई, परवा शपथविधी आहे,” सचिव साहेब म्हणाले. “तीन नावं आलीत. त्यातलं एक द्या. सर्वांना सामावून घेणारा माणूस हवा. त्यानं तोंड उघडलं तर कुणाच्या कपाळाला आठी पडता कामा नये.”

“मग मुकाच बघायला हवा, साहेब.”

साहेब हसले नाहीत. भिंगबाईंच्या विनोदाला हसलं तर त्या मनात नोंद करून ठेवतात, असा कचेरीत समज होता.

पहिल्या गुरुजींनी बसायच्या आधीच सांगितलं, की आमच्या प्रार्थनाघराचं दार चोवीस तास सगळ्यांना उघडं असतं. बाई मागच्या बाजूला चक्कर मारून आल्या. तिथे झाडणारी बाई मोडक्या स्टुलावर बसून डबा खात होती. “आत का नाही बसत?” असं विचारलं तर म्हणाली, “आत आम्हाला कोण बसू देतंय, ताई?” लाल शेरा. दुसऱ्या गुरुजींच्या भिंतीवर सतरा फोटो होते, प्रत्येकात ते वेगळ्या धर्माच्या गुरूच्या खांद्यावर हात टाकून उभे. बाईंनी चष्मा सावरला आणि एकेका फोटोवर बोट ठेवून “हे कोण?” असं विचारलं. सतरापैकी एकाचंही नाव गुरुजींना सांगता येईना. दुसरा लाल शेरा.

राहिला तिसरा. तिसऱ्या नावावर नजर गेली आणि बाईंनी ते दोनदा वाचलं.

हा माणूस त्यांना चांगला माहीत होता. अहो, माहीत कसला, त्यांच्या मुळावर उठलेला माणूस होता तो! अकरा वर्षांपूर्वी बाई दर रविवारी त्यांच्या प्रार्थनाघरात जायच्या, तिसऱ्या ओळीत बसायच्या. एकदा हे गुरुजी उभे राहिले आणि पुरुषानं पुरुषाबरोबर संसार थाटण्यावर अर्धा तास बोलले. शेवटी म्हणाले, ‘टोपलीतलं सडकं फळ वेळेवर बाहेर काढावं लागतं, नाहीतर टोपली जाते.’ बाईंच्या घरात त्याच आठवड्यात मुलानं सगळं सांगितलं होतं. एकुलता एक मुलगा, नवरा गेल्यावर एकटीनं वाढवलेला. त्या रविवारी बाई घरी आल्या, त्याचे कपडे बॅगेत भरले आणि बॅग दाराबाहेर ठेवली. वर्षभर त्याचे फोन येत होते. बाई आवाज ऐकून खाली ठेवायच्या. मग फोन यायचे थांबले.

पुढे बाई कुठल्याच प्रार्थनाघरात गेल्या नाहीत. कोणी विचारलंच तर एवढंच सांगायच्या, “माझा मुलगा एका गुरुजींनी घालवला.” हे वाक्य त्यांनी स्वतःला इतक्यांदा ऐकवलं होतं, की ते पाठच झालं होतं.

आणि आता हाच माणूस सर्वांना सामावून घेणारा? वा रे वा! सोबतच्या कागदांत लिहिलं होतं, की गुरुजींनी गेल्या काही वर्षांत कोणालाही दारातून परत पाठवलेलं नाही, टाकलेल्या माणसांच्या अंत्यविधीला ते जातात, तुरुंगात जातात. बाईंनी वाचून नाक मुरडलं. खायचे दात वेगळे आणि दाखवायचे वेगळे. माणूस असा मुळापासून बदलत नसतो, फार तर रंग लावून घेतो, आणि हा रंग खरवडून काढायचा, एवढंच आता बाईंना करायचं होतं. ह्या माणसानं सगळ्या शहरासमोर हात उंचावून प्रेमाच्या गोष्टी सांगायच्या आणि आपणच त्याला शिक्का मारून मंचावर चढवायचं? ते झालं असतं तर बाईंना स्वतःचं तोंड आरशात बघवलं नसतं. पण नुसत्या रागावर लाल शेरा चालत नाही, पुरावा लागतो. हा नियमही बाईंचाच होता.

दुपारी तीनला त्या गुरुजींच्या खोलीत जाऊन बसल्या. खोली साधी. एक टेबल, दोन खुर्च्या, कोनाड्यात एक ताट नि एक वाटी, खिडकीत वाळत घातलेले मोजे. साधेपणाचंही नाटक करता येतं, बाईंच्या मनात आलं. गुरुजी आता म्हातारे दिसत होते. त्यांनी बाईंना ओळखलं नाही, निदान तसं दाखवलं नाही. तिसऱ्या ओळीतली माणसं कुणाच्या लक्षात राहतात म्हणा.

बाईंनी फॉर्म काढला आणि कोरड्या आवाजात वाचायला सुरुवात केली. “प्रश्न चौथा. आजवर जाहीरपणे माणसांच्या कोणत्याही गटाचा अवमान केला आहे काय?”

ह्या प्रश्नाला सव्वीस वर्षांत सगळ्यांनी ‘नाही’ असंच लिहिलं होतं. खुनाच्या आरोपातून सुटून आलेल्या एकानंसुद्धा.

“हो,” गुरुजी म्हणाले.

“काय?”

“हो, असं लिहा. वाक्यही सांगतो.” आणि त्यांनी ते वाक्य जसंच्या तसं सांगितलं. टोपली, फळ, सगळं.

बाईंचं पेन कागदावर टेकलं आणि तिथेच राहिलं. आत काहीतरी लक्कन हललं, पण दुसऱ्याच क्षणी संशय धावून आला. अरे चोरा! स्वतःच कबूल करून टाकायचं, म्हणजे दुसऱ्यानं पकडायला काही उरतच नाही. मुरलेला गडी दिसतोय. ह्याच्या पोटात अजून काय काय असेल कोण जाणे.

“मग पुढचा रकाना,” बाई म्हणाल्या. “ज्याचा अवमान झाला, त्या माणसाचं म्हणणं. तसा कोणी आहे का, जो तुमच्याबद्दल जबाब देईल?”

“आहे,” गुरुजी म्हणाले. “पण त्यांना विचारल्याशिवाय नाव नाही सांगता येणार.” मग त्यांनी बाईंकडे जरा निरखून पाहिलं. “तुम्ही नगरसभेत किती वर्षं आहात?”

“सव्वीस. का?”

“शिष्टाचार शाखेतच?”

“प्रश्न मी विचारतेय, गुरुजी.”

“बरोबर आहे.” त्यांनी घड्याळ पाहिलं आणि ते एकदम घाईत उठले. “बाई, माफ करा. महिन्याचा पहिला गुरुवार आहे. मला निघायला हवं. उद्या सकाळी याल का? उद्या कदाचित सगळंच सांगता येईल.”

उद्या! म्हणजे रात्रभरात कोणाला तरी पढवून ठेवणार. बाई हसून “ठीक आहे” म्हणाल्या, बाहेर पडल्या आणि समोरच्या औषधाच्या दुकानात खोकल्याच्या गोळ्या बघत उभ्या राहिल्या.

पाच मिनिटांत गुरुजी कापडी पिशवी घेऊन बाहेर आले. कोपऱ्यावरच्या भांड्यांच्या दुकानात शिरले. ते गेल्यावर बाईंनी दुकानदाराला गाठलं.

“आत्ता गेले त्यांनी काय घेतलं हो?”

“कुकरची रिंग. पाच लिटरच्या.”

झालं! एकटा जीव, घरी एक ताट, एक वाटी, त्याला पाच लिटरच्या कुकरची रिंग कशाला? पाणी कुठंतरी मुरत होतं. बाईंना आता थकवा जाणवेना. गुरुजी ज्या बसमध्ये मागून चढले, तिच्यात त्या पुढून चढल्या. मधे बस बदलली. वर्तमानपत्र तोंडासमोर धरून बसलेल्या बाई मनातल्या मनात अहवाल लिहीत होत्या. दुसरं घर. लपवलेला संसार. लोकांना टोपल्या निवडायला सांगणारा हा माणूस, आणि ह्याच्याच टोपलीत बघा काय निघालं!

गुरुजी एका पिवळ्या चारमजली इमारतीत शिरले. तळमजल्यावर एक बाई उंबऱ्यात बसून बटणं शिवत होत्या. भिंगबाईंनी सहज विचारल्यासारखं विचारलं, “आत्ता वर गेले ते कोणाकडे येतात हो?”

“ते होय? तिसऱ्या मजल्यावर. दर महिन्याला न चुकता येतात. दोघं राहतात ना तिथे, दोघंही पुरुषच.” बटणवाल्या बाईंनी दातानं दोरा तोडला. “आता आम्हाला काय करायचंय? माणसं चांगली आहेत. माझ्या यजमानांना रात्री दवाखान्यात त्यांनीच नेलं. पण गुरुजी म्हणवणाऱ्यानं तिथे जेवायला यावं, हे काहींना नाही आवडत.”

भिंगबाईंना पुढचं ऐकूच आलं नाही. दोन पुरुषांचं घर! आणि हा तिथे गुपचूप जेवायला येतो! ज्यांना सडकं म्हटलं, त्यांच्याच घरी पान मांडून! माणूस ढोंगी असावा तर किती? बाईंना खरं सांगायचं तर आनंद झाला. अकरा वर्षं घशात अडकलेला काटा आज निघणार होता. त्या तरातरा जिने चढल्या. तिसऱ्या मजल्यावर थांबून श्वास घेतला, फॉर्म हातात धरला, सरकारी चेहरा चढवला आणि बेल वाजवली.

दार उघडलं. समोरचा माणूस कमरेच्या फडक्याला हात पुसत होता. कानाशी केस पिकलेले, पोट थोडं सुटलेलं. क्षणभर बाईंना वाटलं, आपला नवराच उभा आहे. मग त्या माणसानं डावी भुवई वर केली, आणि ती भुवई त्यांनी त्याच्या लहानपणी तेल लावून लावून बसवली होती.

“आई?” मुलगा म्हणाला.

आतून कुकरशी झटापट केल्याचा आवाज येत होता. “बसली बघ रिंग!” असं म्हणत गुरुजी बाहेर आले आणि बाईंना पाहून जागच्या जागी उभे राहिले. त्यांच्यामागे एक उंच, चष्मा लावलेला माणूस हातात झारा घेऊन आला. मुलाचा जोडीदार. त्याला बाई आज पहिल्यांदा बघत होत्या.

बाईंना मग जे येत होतं तेच त्यांनी केलं. बोट रोखलं. “हा माणूस! ह्या माणसानं तुला माझ्या घरातून काढलं, आणि तू ह्याला जेवायला घालतोस?”

“मी ते बोललो होतो, बाई,” गुरुजी म्हणाले. “ते खोटं नाही. तुम्ही ह्यांच्या आई असाल, असं मला दुपारी वाटलं. पण ह्यांना विचारल्याशिवाय कसं बोलणार?”

“थांबा, गुरुजी,” मुलगा म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता. “आई, हे बोलले ते वाईटच बोलले. मी ह्यांना माफ करायला तीन वर्षं घेतली. कोणाकडून तरी कळलं म्हणून हे मला शोधत आले होते. मी चार वेळा तोंडावर दार लावलं. पाचव्या वेळी पावसात पायरीवर बसून राहिले, तेव्हा ह्यानं आत घेतलं, मी नाही.” त्यानं झारेवाल्याकडे मान हलवली. “पण ह्यांनी भाषण केलं, आई. बॅग तू भरलीस.”

“त्यांनी सांगितलं म्हणून...”

“तिथे तीनशे माणसं बसली होती. बॅग एकाच घराबाहेर आली.”

बाईंनी गुरुजींकडे पाहिलं. आता ह्यानं तरी सगळा दोष अंगावर घ्यावा, असं त्यांना वाटलं. गुरुजी जमिनीकडे बघत होते.

“पत्ता कुठून मिळाला तुला?” मुलानं विचारलं. आणि विचारता विचारता त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी उमललं, अगदी शाळेतून येऊन दप्तर टाकताना असायचं तसं. “मला शोधत आलीस?”

इथे बाईंना खोटं बोलता आलं असतं. सव्वीस वर्षं लोकांचं खोटं पकडण्यात गेली होती, एक आपलं खपून गेलं असतं. पण तो चेहरा बघून त्यांना ते जमलं नाही.

“नाही,” त्या म्हणाल्या. “ह्यांच्या मागावर आले. ह्यांची तपासणी आहे. शपथविधीची.”

मुलाचा चेहरा विझला. तो थोडं हसलासुद्धा. “म्हणजे बघ हं. अकरा वर्षांत मला शोधायला तुला एक बस धरता आली नाही. आणि ह्यांची चूक शोधायला दोन बस धरून, तीन जिने चढून आलीस.”

दाराची चौकट धरून बाई उभ्या राहिल्या.

“ये आत,” मुलगा म्हणाला, पण पाहुण्याला म्हणावं तसं. “काम आहे ना? काम करून घे. आण तो फॉर्म.”

त्यानं फॉर्म बघितला. “ज्याचा अवमान झाला त्याचं म्हणणं. हा रकाना कोणी भरलाय आजवर?”

“कोणीच नाही.”

“मग लिही. मी सांगतो.”

आणि बाईंनी लिहिलं. गुडघ्यावर फॉर्म ठेवून, आपल्या सुबक सरकारी अक्षरात, मुलगा सांगेल तसं. ‘गुरुजी माझ्याबद्दल वाईट बोलले होते. नंतर त्यांनी आपल्या प्रार्थनाघरात उभं राहून ते चुकीचं होतं असं सांगितलं, तेव्हा निम्मी माणसं त्यांना सोडून गेली. ते आमच्या घरी जेवतात. त्यांना प्रार्थना म्हणू द्यावी.’ मुलगा शांतपणे सांगत होता, जोडीदार मधेच एखादी तारीख दुरुस्त करत होता, आणि बाईंना कळत होतं, की ही सगळी वर्षं इथे रोज दिवस उजाडत होता, कुकर खराब होत होता, माणसं येत-जात होती आणि आपण नव्हतो.

खाली शेवटची ओळ होती: जबाब देणाऱ्याचं तपासणी अधिकाऱ्याशी नातं. एका तपासनिसानं स्वतःच्या साडूला मंचावर चढवलं होतं, तेव्हा बाईंनीच ती घालायला लावली होती. नातं निघालं की जबाब बाद, तपासणी बाद, आणि अधिकाऱ्यानं सचिवांपुढे जाऊन लेखी खुलासा द्यायचा.

“इथे ‘काही नाही’ लिहिलं तर?” मुलानं विचारलं. त्यानं ओळ वाचली होती.

“तर गुरुजी मंचावर जातील. माझाही अहवाल चोख राहील.”

“आणि खरं लिहिलं तर?”

“सगळं बाद. परवाच्या प्रार्थनेला दुसरं कोणीतरी बघतील. मला बहुतेक ह्या कामावरून काढतील.”

गुरुजी म्हणाले, “बाई, माझा विचार करू नका.” बाईंनी सवयीनं त्यांच्याकडे संशयानं बघितलं. पण म्हातारा खरंच तसंच म्हणत होता, त्यात काही मुरलेलं नव्हतं. मुलगा बाईंच्या पेनाकडे बघत होता.

बाईंनी लिहिलं: मुलगा.

त्याखाली त्यांनी सही केली, पूर्ण नावानं.

“झाली का फाईल बाद?” मुलानं विचारलं.

“झाली.”

“मग आता तुझं इथे काही काम नाही.”

“नाही,” बाई म्हणाल्या. त्यांनी फॉर्म घडी करून पर्समध्ये टाकला, चष्मा काढला आणि डोळे पुसले. खुर्चीवरून मात्र त्या उठल्या नाहीत. “आता तुझ्याकडे आलेय.”

मुलानं मान फिरवली. मग म्हणाला, “फार उशीर केलास, आई,” आणि स्वयंपाकघरात निघून गेला. बस म्हणाला नाही, जा म्हणाला नाही. जोडीदारानं बाईंकडे पाहिलं, फळीवरून चौथं ताट काढलं आणि त्यांच्या समोर ठेवलं.